एकही चूक नाही

९ जानेवारी

आपा,

सलाम. तू पत्र आधी मागून वाचतेस, कुणाला काही झालं तर नाही ना म्हणून, हे मला माहीत आहे. तेव्हा आधीच सांगतो, कुणाला काही झालेलं नाही. मी ठणठणीत आहे. खाणीतली खडी फोडायची मशीन माझ्यापेक्षा जास्त आजारी असते आणि तिचा डॉक्टर मीच, म्हणून तर इथे टिकून आहे.

मागच्या महिन्यात घरी आलो तेव्हा एक गोष्ट बोलायची होती. पण तुझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली ओळीने बसलेल्या, एकीचं संपलं की दुसरी, आणि तू डोळे मिटून कान लावून. मग तुझा पाय न्हाणीघरात घसरला होता त्याच्याच गप्पा झाल्या आणि माझी बस आली. म्हणून आता लिहितो. हसू नकोस.

माझा कुरआन पाठ करायचा राहिलाय, तो मला पुरा करायचा आहे.

हसलीस ना? हस. तेरा वर्षांचा असताना तीसपैकी अठरा पारे पाठ करून मी जो पळालो तो पळालोच. अब्बांनी मारलं नाही, ओरडलेही नाहीत. माझ्यापुढचा कुरआन शरीफ खालच्या लाकडी रेहलसकट उचलला आणि तुझ्यापुढे ठेवला. तू दाराआडून ऐकून ऐकून माझ्या पुढे गेलेली, हे त्यांना ठाऊक होतं. मला तेव्हा बरंच वाटलं, सुटलो एकदाचा म्हणून. आता एकोणपन्नासावं चालू आहे. मशीनखाली उताणा पडून बोल्ट आवळताना तोंडातून आपोआप आयती यायला लागतात आणि अठरावा पारा संपला की गाडी थांबते. रोज तिथेच. माझ्या खोलीत एक क्रेनवाला राहतो. परवा म्हणाला, "तुझं गाणं नेहमी अर्धंच का असतं रे?" त्याला म्हटलं गाणं नाही ते.

इथे शिकवणारं कुणी नाही, मशीद बसने दोन तास लांब. मोबाइलला टॉवर नाही, त्यामुळे फोनवरून ऐकवणं होणार नाही. पण मोबाइलमध्ये आवाज भरता येतो. आतलं ते नखाएवढं कार्ड काढून पाकिटातून पाठवीन. तू ऐक आणि चुका कळव.

ऐकशील का? तू नाही म्हणालीस तर दुसऱ्या कुणाला विचारणार नाही.

तुझा भुंग्या

२४ जानेवारी

भुंग्या,

वअलैकुम सलाम. हसले नाही. पत्र हातात घेऊन तशीच उभी राहिले आणि गॅसवरचं दूध उतू गेलं. लेक औषधाच्या दुकानातून जेवायला आली होती. काय झालं विचारलं तिने. म्हटलं, तुझा मामा शहाणा झाला. ती म्हणते, कधीपासून?

ऐकीन. पण लाड होणार नाहीत. मुलींना जे लागू ते तुला लागू. एका कार्डावर अर्धा पारा, त्याहून जास्त नाही. आधीचे अठरा पारे नीट आहेत असं समजून पुढे पळायचं नाही. नवा सबक घे आणि जुना उजळणीला धर, दोन्ही आलटून पालटून पाठव. पाठ करताना मोबाइलवर पान बोटाने वर सरकवत जाऊ नकोस. आपण अब्बांपाशी ज्यावर शिकलो तसंच पंधरा ओळींचं ठरलेलं पान असतं त्यातही, ते लाव. कुठली आयत पानाच्या कुठल्या कोपऱ्यात आहे ते डोळ्यांत बसतं, आणि अडलं की तोच कोपरा हात देतो. सरकत्या पानाला कोपरा कुठून असणार?

आणि मोबाइल उंचावर ठेव. अंथरुणात उशाखाली नाही, खिशात घालून संडासात नाही. आयत मध्येच तोडून आवाज बंद करायचा नाही, ती पुरी होऊ दे. वुजूचं, म्हणजे आधी हात-तोंड-पाय धुवायचेत का ते, मी इथल्या मौलानांना विचारून आले. ते म्हणाले, मोबाइल म्हणजे काही कुरआन शरीफ नव्हे, पण पान उघडलेलं असताना वुजू असलेला बरा. तुझे हात ग्रीसने बरबटलेले असतात म्हणून मुद्दाम लिहिते.

बघून म्हणू नकोस. मला कळतं. पाठ म्हणणारा आयतीच्या शेवटी श्वास घेतो, बघून म्हणणारा ओळीच्या शेवटी.

लेकीने एक टॅब आणून ठेवलाय. आपण म्हणत जायचं, तो ऐकतो, कोरं पान शब्दाशब्दाने भरत जातं आणि चुकलं की तिथे लाल होतं. मुलींना त्याचं भारी कौतुक. मी तो रुमालात गुंडाळून कपाटात ठेवून दिलाय. माझे कान अजून शाबूत आहेत.

पाय बरा आहे. सारखं विचारू नकोस.

आपा

२० फेब्रुवारी

आपा,

सोबत पहिलं कार्ड. कापसात गुंडाळलंय, हळू उघड, नाहीतर कापसाबरोबर केरात जायचं. एकोणिसावा पारा, पहिला अर्धा.

कुठे बसून भरलं ते सांगतो, म्हणजे मागचा आवाज ऐकून दचकणार नाहीस. मशीनचे जुने पट्टे ठेवायची एक कोठडी आहे. दुपारी सुरुंग लावायच्या आधी तासभर सगळ्या मशीन बंद असतात, तेवढाच वेळ शांत. आधी हात रॉकेलने, मग साबणाने, मग वुजू. तोवर पंधरा मिनिटं जातात. क्रेनवाला म्हणाला, एवढं तर मी लग्नाला जाताना पण धूत नाही. पण गंमत बघ. त्याचा यातल्या एका अक्षराशी संबंध नाही, तरी मी कोठडीत गेलो की तो बाहेर पंप बंद करून बसतो आणि कुणाला दार वाजवू देत नाही. आत आला तर चप्पल बाहेर काढून. मी सांगितलेलं नाही.

एक मात्र झालं, लिहायला लाज वाटते. सुट्टीला बाजारात गेलो होतो, तिथे टॉवर आहे. बाकावर बसून पान उघडलं तर बरोबर आयतीवर बुटांची जाहिरात येऊन बसली. एका जोडीवर एक जोडी फुकट. कानशील तापलं माझं. तिथल्या तिथे ते ॲप काढून टाकलं, आणि मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडून बिनजाहिरातीचं घेतलं. तो पोरगेला माणूस आपणहून म्हणाला, वाचताना नेट बंदच ठेवत जा, मध्ये कुणाचा फोन नको नि मेसेज नको. तुझ्या हाताखालून गेल्यासारखा बोलला.

चुका जपून काढ. पहिलाच घास आहे.

भुंग्या

८ मार्च

भुंग्या,

कार्ड ऐकलं. तीन जागी चुकलास. पहिल्या पानाच्या सहाव्या ओळीत एक शब्द गाळलास, चौथ्या पानाच्या अकराव्या ओळीत एक जादा घातलास, सातव्या पानाच्या दुसऱ्या ओळीत मागचा शब्द पुढे केलास. पान उघडून खुणा कर. बाकी ठीक.

तुझा आवाज अब्बांसारखा व्हायला लागलाय. तेवढं ऐकून मी दोनदा थांबवलं. आयत पुरी झाल्यावरच.

इकडे गडबड आहे. माझ्याकडे शिकणारी सर्वांत मोठी मुलगी, शिंप्याची, ती जुलैच्या पहिल्या शुक्रवारी पुरा कुरआन ऐकवणार. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, मोहल्ल्यातल्या बायकांसमोर. शेवटी कागदावर मी लिहून द्यायचं, हिचा पहिल्यापासून शेवटपर्यंत मी ऐकला म्हणून. त्या कागदावर तिला पुढे मुली शिकवता येतील. तिची आई आत्तापासून रडतेय आनंदाने. तू आराफची सूरह उजळून पाठव, आठव्या पाऱ्याच्या अर्ध्यापासून नवव्यात जातो तो अध्याय, एवढा एकदा अख्खा एकाच कार्डावर चालेल. लहानपणी तिथे तू फार घसरायचास.

आपा

११ एप्रिल

आपा,

तुझं मार्चअखेरचं चार ओळींचं पत्र मिळालं. "आराफ ऐकली. एकही चूक नाही. माशाअल्लाह. पुढचं पाठव." आपा, बत्तीस वर्षं तू मुलींना शिकवतेस. कुणाला तू असं लिहून दिल्याचं मी ऐकलेलं नाही. पत्र खिशात घालून दोन दिवस फिरलो. क्रेनवाल्याला वाचून दाखवलं.

तो म्हणाला, "मग त्या दिवशी तू वेगळंच काय म्हणत होतास?"

मी म्हटलं, कुठे वेगळं? तर म्हणतो, तू आठवडाभर रोज तेच म्हणत होतास. मला शब्द कळत नाहीत, पण चढ-उतार पाठ झालेत. जादूगारांच्या गोष्टीपाशी (ती गोष्ट मीच त्याला सांगितली होती) रोज तू लांब लांब जायचास, भरलं त्या दिवशी तोकडं तोकडं म्हणायला लागलास. थोड्या वेळाने परत लांब. मला वाटलं असंच असेल.

मी त्याला उडवून लावलं. म्हटलं, माझी बहीण हाफिज आहे, अख्खा कुरआन पाठ आहे तिला, तू क्रेन चालव. पण मनात किडा वळवळायला लागला. त्या भरलेल्या आवाजाची एक नक्कल मोबाइलमध्ये होती. कोठडीत बसून पान उघडलं आणि ऐकलं. आपा, तो बरोबर होता. हजरत मूसांनी काठी टाकल्याची आयत आराफमध्ये आहे, तशीच अक्षरन् अक्षर एकोणिसाव्या पाऱ्यातल्या शुअराच्या सूरहमध्ये आहे. शुअरा आत्ताच नवी पाठ केलेली, जिभेवर ताजी. त्या आयतीवरून मी सरळ शुअरामध्ये शिरलो, दहा-बारा आयती तिथल्या म्हटल्या, आणि जादूगार माथा टेकून सजद्यात पडतात तिथे दोन्हीकडे पुन्हा सारख्या आयती आहेत, तिथून आराफमध्ये परत आलो. मला पत्ता नाही. पण तुला? आराफमधली अर्ध्या पानाच्या वर जागा मी गाळली, आणि तू लिहितेस एकही चूक नाही?

आता माझं पाप सांगतो. त्याच कार्डावरची शेवटची दोन पानं मी बघून म्हटली होती. पट्टा तुटला होता, पाठ करायला वेळ मिळाला नाही. तू पकडशील म्हणून रोज डाकेची वाट बघत होतो. तेही तू बोलली नाहीस.

आपा, तू माझ्यावर दया करतेस का? म्हाताऱ्या घोड्याला काय शिकवायचं, म्हणतोय तर म्हणू दे, असं? तसं असेल तर स्पष्ट सांग. मला वाईट वाटेल, पण हे त्याहून वाईट आहे.

भुंग्या

२६ एप्रिल

भुंग्या,

माणसाचं एखादं कार्ड नजरेतून सुटतं. त्या दिवशी डोकं दुखत होतं, बाहेर नळाचं काम चालू होतं, ठणठण आवाज. लगेच एवढं लांबलचक पत्र? मी तुझी मोठी बहीण आहे, तुझ्या खाणीतली कामगार नाही.

बघून म्हटलंस त्याची तुला लाज वाटली पाहिजे. माझं काय ते मी बघीन.

शिंप्याच्या मुलीची तयारी चालू आहे, मला मान वर करायला फुरसत नाही. जुलैपर्यंत तुझी कार्डं राहू देत.

आपा

१० मे

आपा,

तू रागावलीस. रागावलीस की तू पानभर लिहितेस, माझ्या लहानपणापासूनची सगळी कुंडली काढतेस. या वेळी नऊच ओळी. म्हणून मला भीती वाटतेय.

तुझं मार्चचं पत्र मी पुन्हा काढून वाचलं. सहावी ओळ, अकरावी ओळ, दुसरी ओळ. तू अशा चुका कधी सांगायचीस? तू सांगायचीस, "तिथे तू घाई केलीस," "तिथे तुझं लक्ष खिडकीबाहेर होतं." ओळींचे आकडे सांगणारं कुणी दुसरंच आहे.

वाटलं, मुद्दाम चुकीचं म्हणून एक कार्ड पाठवावं, कळेल काय ते. कोठडीत बसलो, वुजू करून, मोबाइल समोर. तोंड उघडलं आणि बंद केलं. तुझी परीक्षा घ्यायला अल्लाहचं कलाम मुद्दाम वाकडं म्हणायचं, हे माझ्याच्याने झालं नाही. चूक होते ती वेगळी.

म्हणून हे कार्ड कोरं पाठवतोय. यात काही नाही, शोधत बसू नकोस. यावर तू म्हण. आराफ, तीच जागा, काठीच्या आधीचं एक पान आणि पुढची दोन. बघून नको. मी ऐकतो.

पाठवलं नाहीस तरी मी पुन्हा विचारणार नाही. पण मी वाट बघतोय.

भुंग्या

१९ जून

भुंग्या,

कार्ड महिनाभर माझ्या शिवणाच्या डब्यात होतं. काल म्हटलं. सोबत पाठवतेय. एकदाच म्हटलं, पुसून परत भरलं नाही. कुठे थांबले ते तुला ऐकू येईल.

पाय घसरला नव्हता. नोव्हेंबरात सकाळी न्हाणीघरात उजवा हात आणि तोंडाची एक बाजू बधिर झाली आणि मी खाली बसले. लेक घरात होती म्हणून वेळेवर दवाखान्यात गेले. डोक्यात बारीक गुठळी, डॉक्टर म्हणाले, नशीब. हात आठ दिवसांत चालायला लागला. तू आलास तेव्हा मी चहाचा कप त्याच हाताने दिला होता, बघ, तुला काही कळलं नाही. लेकीला मी शपथ घातली होती.

हात आला. पण एक दिवस मुलगी म्हणत होती आणि ती थांबली, पुढचं मला विचारायला लागली, आणि मला पुढचं आलं नाही. पान डोळ्यांसमोर होतं. वरच्या ओळी दिसत होत्या, खाली पांढरं. मी तिला दटावलं, स्वतः आठव म्हणून. ती बिचारी "चुकलं आपाजी" म्हणाली. त्या रात्री जेवले नाही मी. सुरुवातीचे चार-पाच पारे आहेत, शेवटचे आहेत. मधल्यांत भोकं पडलीत, आणि कुठे पडलीत ते पाय पडेपर्यंत कळत नाही.

टॅब रुमालातून काढला. तुला लिहिलं होतं तेव्हा तो कपाटात नव्हताच. तो मी माझ्या बैठकीसमोर पेटीच्या आड उभा करते. मुलींना दिसत नाही. लाल झालं की मी बोटाने टकटक करते, जशी नेहमी करायचे. तुझं कार्डही त्यालाच ऐकवलं आणि आकडे उतरवून घेतले. अदब सगळी पाळली बरं. वुजू करून हात लावला, जमिनीवर ठेवला नाही, कुरआन शरीफवर ठेवला नाही. एवढी अदब पाळून मी खोटं बोलत होते.

तुझं एप्रिलचं पत्र आलं त्या दिवशी मी तुझं ते कार्ड पुन्हा लावलं आणि पडद्याकडे बघत बसले. तू आराफमधून शुअरामध्ये गेलास तेव्हा त्यानेही पान बदललं. तू जिथे गेलास तिथे तो तुझ्या मागोमाग आला, परत आलास तर परत आला. लाल कुठेच नाही, कारण जे म्हटलंस ते बरोबरच होतं, फक्त तिथलं नव्हतं. त्याला कुणी विचारलंच नव्हतं की याने जायचं कुठे होतं. ते बघायला मी होते, आणि मी आकडे शोधत होते. म्हणून चिडून लिहिलं तुला. माफ कर.

मौलानांकडे गेले होते. नाव न घेता विचारलं, हाफिज कुरआन विसरली तर. ते म्हणाले, आळसाने घालवणं वेगळं, आजाराने जाणं वेगळं, आजाराचं ओझं अल्लाह टाकत नाही. बरं वाटायला हवं होतं. पण मला आठवणीपेक्षा ते दुसरंच जास्त टोचतंय. शिंप्याच्या मुलीचे शेवटचे आठ पारे मी टॅबवर ऐकलेत. शुक्रवार पंधरा दिवसांवर आलाय. त्या कागदावर "मी ऐकला" लिहायचं आहे. नाही लिहिलं तर पोरीची सहा वर्षं आणि माझी बत्तीस. सांग, काय करू? मोठ्या बहिणीने धाकट्याला विचारावं अशी वेळ आणलीय.

आपा

२५ जून

आपा,

हे पत्र पोस्टाने नाही, खाणीच्या ट्रकवाल्याबरोबर पाठवतोय, तो दोन दिवसांत तुमच्याकडून जाणार आहे.

कार्ड ऐकलं. कुरआन समोर उघडा ठेवला होता, हातात पेन्सिल, तू करायचीस तशी. पहिलं पान तू असं म्हटलंस की मी पेन्सिल खाली ठेवली. मग काठीची आयत आली, आणि तू थांबलीस. किती वेळ ते तुला माहीत नसेल. मी घड्याळ लावून मोजलं नाही, पण बाहेर क्रेनवाला दोनदा खाकरला. मग पुन्हा तीच आयत म्हटलीस. मग पुन्हा. तिसऱ्यांदा तुझा श्वास ऐकू आला आणि बंद झालं. आपा, मी रडलो. पट्ट्यांच्या ढिगावर डोकं टेकून, लहान मुलासारखा. तू एकटी सात महिने हे सांभाळत होतीस आणि मी तुझ्याशी भांडत होतो, दया करतेस का म्हणून.

विचारलंस म्हणून सांगतो. लिहू नकोस तो कागद. मुलीचं काय चुकलंय? तिने सगळं तुझ्यावर सोडलं. ती माझ्यासारखीच कुठे दुसऱ्या सूरहमध्ये जाऊन परत येत असेल, आणि तिला कळणारही नाही. उद्या ती दहा जणींना शिकवील, त्या दहा अजून दहांना. तू जन्मभर याच्याच भीतीने मुलींना टकटक करत आलीस. आता तूच ते पुढे ढकलणार?

बायका बोलतील. बोलू देत. काही आया मुली काढून नेतील. तेही होईल, मी खोटा धीर देत नाही. मी येऊ का? सुट्टी मिळते. सांगशील तर त्या शुक्रवारी तुझ्याशेजारी उभा राहतो.

तुझा भाऊ

१५ जुलै

भुंग्या,

तू आला असतास तर मी तुझ्याआड लपले असते. म्हणून कळवलं नाही.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी चप्पल घातली आणि पुलापलीकडच्या हाफिजाबाईंकडे गेले. तिच्याशी माझं बारा वर्षं बोलणं नाही, ठाऊक आहे तुला. मुलींना ती फार घाई करते म्हणून मी चारचौघींत बोलले होते, ते तिच्यापर्यंत गेलं. तिने दार उघडलं. मी म्हटलं, माझी मुलगी पुरा ऐकवणार आहे, तुम्ही ऐकाल का, माझ्याकडून आता होत नाही. का, कसं, काही विचारलं नाही तिने. म्हणाली, "किती वाजता?" मी रस्त्यात येऊन पदरात तोंड घालून रडले.

शुक्रवारी सगळ्या जमल्यावर मी उभी राहिले आणि सांगितलं. नोव्हेंबरचं, टॅबचं, पेटीचं, सगळं. पेटी बाजूला करून तो दाखवला. शिंप्याची बायको उठून माझ्याकडे नाही, मुलीकडे गेली. मग मी मागे जाऊन लहान मुलींच्या ओळीत बसले.

मुलगी म्हणायला लागली. बावीस पाऱ्यांपर्यंत एक-दोन अडखळणं, ते सगळ्यांचंच होतं. शेवटच्या आठांमध्ये हाफिजाबाईंनी तिला अकरा वेळा थांबवलं. चार जागी ती दुसरीकडे निघून गेली होती, अगदी तुझ्यासारखी. पोरगी पांढरीफटक पडली. कागद झाला नाही. हाफिजाबाई म्हणाल्या, तीन महिने माझ्याकडे ये, मग लिहून देईन. तिची आई जाताना मला म्हणाली, "आम्ही तुमच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला होता." दुसऱ्या दिवसापासून चार मुली आल्या नाहीत. चौघी येतात. त्यांना मी बघून वाचायला शिकवते, समोर पान उघडं ठेवून. त्यात मला खोटं बोलावं लागत नाही. टॅब आता मुलींसमोर असतो, सगळ्यांना दिसेल असा, आणि आधी मी विचारते, कुठून म्हणणार, कुठपर्यंत. पान दुसरीकडे गेलं तर मुलीच ओरडतात.

आठवडाभर शिंप्याची मुलगी आली नाही. मी म्हटलं, गेली. परवा दुपारी दारात उभी, हाफिजाबाईंकडून परत जाताना. मला वाटलं भांडायला आली असेल. आत आली, वुजू केला, कुरआन शरीफ घेतला आणि माझ्यासमोर बसली, मी बसायचे त्या जागी. म्हणाली, "आपाजी, आराफपासून म्हणा."

म्हटलं. पहिल्यांदा चुकले तेव्हा तिने बघितलं माझ्याकडे आणि सोडून दिलं. मी तिला ओरडले. म्हटलं, सोडतेस काय, माझी लाज राखायला बसलीयस का इथे? दुसऱ्यांदा तिने टकटक केली, हळूच, घाबरत घाबरत. आज तिने मला पाच वेळा थांबवलं आणि एकदाही माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. अर्धं पान परत आलंय, भुंग्या. उद्या राहील की नाही माहीत नाही.

तुझं विसाव्या पाऱ्याचं कार्ड पाठव. ती पान उघडून ऐकेल आणि चुका ती लिहील. मी शेजारी बसून ऐकत राहीन.

आपा